विमानातला लॅपटॉप : लहरींची भीती आणि बॅटरीची आग

16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि यवतमाळकरांसाठी विमान एकदम जवळ आले. यवतमाळला स्वतःचे विमानतळ आहे, जवाहरलाल दर्डांच्या नावाचे. औद्योगिक विकास महामंडळाचे हे विमानतळ 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबादच्या विमानतळांसोबत रिलायन्स समूहातील एका कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेले. नियमित प्रवासी सेवा मात्र तिथून काही सुरू झाली नाही. म्हणून इथला माणूस कळंब-वर्ध्यावरून नागपूर गाठतो, नाहीतर आता अमरावती. पुण्या-बंगळुरात नोकरीला असलेली मुले, मुंबईला उपचारासाठी निघालेले रुग्ण, परदेशातल्या लेकीकडे चाललेले आईवडील, कापसाचे व्यापारी, असे सगळेच त्यात आहेत. त्यांतले अनेकजण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात. पण फोन प्रत्येकाच्या खिशात असतो, पॉवर बँक बॅगेत असते आणि लॅपटॉप घरात एक तरी असतोच. या वस्तूंबद्दल विमानात बऱ्याच सूचना कानावर पडतात: फ्लाइट मोड लावा, लॅपटॉप आत ठेवा, पॉवर बँक सामानात टाकू नका. त्या का, हे सहसा कोणी सांगत नाही. या नियमांचा साठ वर्षांचा इतिहास तपासला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या धोक्याचा पुरावा अंधुक आहे तो प्रवाशाला वर्षानुवर्षे दरडावून सांगितला गेला, आणि ज्या धोक्याने विमाने खरोखर जाळली तो मात्र कधी नीट समजावून सांगितला गेला नाही. हा क्रम उलटा व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

बंदीची सुरुवात लॅपटॉपपासून झालेली नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रवासी छोटे एफएम रेडिओ घेऊन विमानात बसू लागले आणि वैमानिकांना दिशादर्शक यंत्रांवर चुकीच्या खुणा दिसू लागल्या. त्यामागचे कारण पक्के, मोजता येण्याजोगे होते. एफएम केंद्रे 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. पण केंद्र पकडण्यासाठी रेडिओ स्वतः आत एक लहर तयार करतो आणि ती साधारण 10.7 मेगाहर्ट्झ वरची असते. म्हणजे कोणी 100 मेगाहर्ट्झवरचे गाणे ऐकत असेल तर त्याचा रेडिओ 110.7 वर क्षीण का होईना प्रक्षेपण करत असतो. विमानाला दिशा दाखवणारी आणि धावपट्टीच्या रेषेत आणणारी जमिनीवरची यंत्रे नेमक्या 108 ते 118 या पट्ट्यात बोलतात. 1961 मध्ये अमेरिकेने विमानात एफएम रेडिओ वापरायला मनाई केली. 1966 मध्ये ती मनाई सर्वच सुट्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लागू झाली. अपवाद चार: आवाज टिपणारे यंत्र, श्रवणयंत्र, हृदयाचा पेसमेकर आणि दाढीचे विजेचे यंत्र. आपल्या 1937 च्या विमान नियमावलीत 29-ब हा नियम आला तेव्हा त्यातही हीच चार नावे होती. बाकी वस्तूंचा निर्णय विमान कंपनीवर सोडला होता. ही वस्तू आमच्या विमानाच्या यंत्रणेत अडथळा आणत नाही अशी कंपनीची खात्री झाली तरच ती वापरता येईल, असा तो नियम होता. म्हणजे मूळ नियम सरसकट भीतीवर उभा नव्हता. तपासा आणि मग परवानगी द्या, असे तो सांगत होता. पुढे तपासणे मागे पडले आणि मनाई तेवढी उरली.

1980 आणि 90 च्या दशकांत लॅपटॉप आला, मागोमाग मोबाइल आला. लॅपटॉपच्या आत प्रोसेसरचे ठोके अखंड पडत असतात आणि त्यातून कमी-जास्त कंपनसंख्येच्या लहरी सांडत असतात, हे खरेच. पण त्या फारच दुबळ्या असतात. अमेरिकेतल्या आरटीसीए या तांत्रिक संस्थेने 1988 आणि 1996 मध्ये यावर अहवाल दिले. त्यांचा सूर असा होता की धोका कमी आहे, पण उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी वापर टाळावा. मोबाइलची गोष्ट थोडी वेगळी, कारण तो मुद्दाम लहरी सोडणारे यंत्र आहे. तरीही अमेरिकेत 1991 मध्ये उडत्या विमानात मोबाइलला बंदी घातली ती दूरसंचार नियामकाने, आणि तीही जमिनीवरच्या नेटवर्कच्या काळजीपोटी. खाली उभ्या माणसाचा फोन जवळच्या दोन-चार मनोऱ्यांशी बोलतो. दहा किलोमीटर उंचीवरून ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या फोनला मात्र एकाच वेळी शेकडो मनोरे दिसतात आणि तो सगळीकडे हाका मारत सुटतो. प्रवाशाने मात्र ऐकले ते एवढेच, की फोन चालू ठेवला तर विमान पडू शकते. ही समजूत दूर करण्याची तसदी कोणी घेतली नाही, कारण तिच्यामुळे नियम पाळला जात होता.

पुरावा काय सांगतो? आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, 2003 ते 2009 या काळातल्या घटनांचा गोषवारा काढला. त्यात प्रवाशांच्या उपकरणांमुळे अडथळा आला असावा अशी वैमानिकांची शंका असलेल्या 75 नोंदी निघाल्या. जगभरातली सात वर्षांची उड्डाणे लक्षात घेता हा आकडा लहान आहे. शिवाय या नोंदी शंकेच्या आहेत. जमिनीवर तीच वस्तू, तेच आसन, तेच यंत्र घेऊन तो अडथळा पुन्हा निर्माण करता येईलच असे नसते. जानेवारी 2000 मध्ये झुरिकहून निघालेले क्रॉसएअरचे विमान कोसळले तेव्हा मोबाइलकडे बोट दाखवले गेले. चौकशीत ते कारण ठरले नाही. मोबाइलचे नाव अधिकृत चौकशी अहवालात गंभीरपणे आले ते न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चजवळ 2003 मध्ये झालेल्या छोट्या विमानाच्या अपघातात. तिथे खुद्द वैमानिकाचा फोन चालू होता, आणि त्यामुळे यंत्रावर चुकीची खूण उमटली असण्याची शक्यता अहवालाने नोंदवली. शक्यता एवढेच, त्यापुढे अहवाल गेला नाही. दुसऱ्या बाजूला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकी प्रवासी विमानांत लहरी मोजणारे यंत्र नेऊन पाहिले आणि 2006 मध्ये निष्कर्ष मांडले: बंदी असूनही प्रत्येक उड्डाणात एखाद-दुसरा प्रवासी चोरून फोन लावतच असतो. हा निष्कर्ष दोन्ही बाजू वापरतात. संशोधकांना त्यातून सावधगिरीची गरज दिसली. टीकाकार म्हणाले, इतके फोन रोज चालू राहतात आणि विमाने सुखरूप उतरतात, मग भीती कसली? माझ्या मते दोन्ही वाचने अर्धीच आहेत. हा धोका शून्य नाही, सिद्धही नाही. तो मोजून कमी करता येण्याजोगा आहे, आणि नंतरच्या काळात नेमके तेच घडले.

विमान उत्पादकांनी यंत्रणांचे कवच मजबूत केले आणि ते कसे तपासायचे याची मानके ठरली. त्याच बळावर अमेरिकेने 31 ऑक्टोबर 2013 रोजी दारापासून दारापर्यंत, म्हणजे उड्डाण आणि उतरतानाही, हातातली छोटी उपकरणे वापरायला मोकळीक दिली. युरोपने पाठोपाठ तेच केले. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, डीजीसीएने, एप्रिल 2014 मध्ये फ्लाइट मोडमधली उपकरणे संपूर्ण प्रवासात वापरायला परवानगी दिली. मार्च 2020 मध्ये 29-ब मध्ये बदल होऊन कप्तानाच्या संमतीने विमानात वाय-फाय वापरण्याचा मार्ग मोकळा झाला. दूरसंचार खात्याचे 2018 चे नियम 3,000 मीटरच्या वरच ही सेवा देऊ देतात; जमिनीवरच्या नेटवर्कशी गोंधळ होऊ नये हेच त्यामागचे कारण. 1 जानेवारी 2025 रोजी एअर इंडियाने काही निवडक विमानांत देशांतर्गत मार्गांवरही वाय-फाय देत असल्याचे जाहीर केले. नागपूरहून मुंबईला जाणाऱ्याला दीड तासाच्या प्रवासात याचा फार उपयोग नाही. पट्टे सोडायची खूण होऊन लॅपटॉप उघडावा, पाऊण तास काम करावे, तोवर उतरण्याची घोषणा होते. पण तत्त्वाचा प्रश्न निकालात निघाला. ज्या विमानात कंपनी स्वतः लहरींचे जाळे पसरते, त्या विमानात प्रवाशाच्या लॅपटॉपची लहर हा मोठा धोका आहे असे कोणी म्हणू शकत नाही.

मग फ्लाइट मोडही निव्वळ उपचार उरला का? हा आक्षेप सर्रास घेतला जातो आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. फ्लाइट मोड न लावल्याने विमान पडते, हे विधान पुराव्यावर टिकत नाही. पण तो लावण्याची दोन कारणे शिल्लक राहतात. नेटवर्क शोधणारा फोन पूर्ण ताकदीने हाका मारतो, आणि कॉकपिटजवळच्या फोनची ती टरटर वैमानिकाच्या हेडफोनमध्ये ऐकू येते. नियंत्रण कक्षाचा एखादा आकडा नेमका तेव्हाच येत असेल तर तो पुन्हा विचारावा लागतो. हे संकट नव्हे, व्यत्यय आहे. पण पावसाळी संध्याकाळी उतरताना वैमानिकाला व्यत्यय नकोच असतो. दुसरे कारण असे की सगळी विमाने एका वयाची आणि एका तपासणीतून गेलेली नसतात. लहरींचा धोका जिथे मोजमापाने खरा ठरण्याची शक्यता दिसली तिथे यंत्रणा किती गंभीर होते, याचे उदाहरण नागपूरनेही पाहिले आहे. 5जी सेवेचा एक पट्टा विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरच्या 4.2 ते 4.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याजवळ येतो. अमेरिकेत तो जास्तच जवळ होता, आणि 19 जानेवारी 2022 रोजी एअर इंडियाला तिकडची काही उड्डाणे रद्द करावी लागली. आपल्याकडे हा पट्टा 3.3 ते 3.67 असल्याने मधे अंतर अधिक आहे. तरीही नोव्हेंबर 2022 मध्ये दूरसंचार खात्याने धावपट्टीच्या टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मध्यरेषेपासून 910 मीटरच्या टापूत या पट्ट्यातले मनोरे नकोत असा आदेश काढला. नागपूर आणि पुणे विमानतळांवर तोवर 5जी पोचलेले होते. या निर्णयाला आकडे होते, अंतर होते, कारण होते. प्रवाशाला दिल्या जाणाऱ्या सूचनेलाही तेवढाच आधार असावा, एवढीच अपेक्षा आहे.

लॅपटॉप उड्डाण आणि उतरताना आत ठेवायला लावतात, त्याचा तर लहरींशी संबंधच राहिलेला नाही. फोन हातात चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, हा फरक वजनाचा आहे. दीड-दोन किलोची धारदार कडांची वस्तू जोराचा ब्रेक लागला की पुढच्या माणसाच्या डोक्यावर जाते. उघडलेला ट्रे आणि लोंबकळणारी चार्जरची वायर शेजारच्या दोघांचा रस्ता अडवतात. प्रवासी विमानाला मान्यता देताना निम्मी दारे बंद ठेवून सगळी माणसे 90 सेकंदांत बाहेर काढता येतात, हे सिद्ध करावे लागते. ते गणित हात मोकळे असलेल्या माणसांचे आहे. 3 ऑगस्ट 2016 रोजी तिरुअनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे बोइंग 777 दुबईत धावपट्टीवर आदळून पेटले. आत 300 माणसे होती, त्यांतले बहुसंख्य भारतीय. आत धूर भरत असताना लोक वरचे कप्पे उघडून लॅपटॉप आणि बॅगा काढत असल्याचे चित्रण जगाने पाहिले. विमानातले सगळे वाचले. पण थोड्याच वेळात स्फोट झाला आणि आग विझवणारा एक जवान त्यात गेला. सगळे वाचले म्हणून त्या दृश्याचे गांभीर्य कमी होत नाही. काही मिनिटांचा फरक होता. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या जळत्या विमानातून 379 जण बाहेर पडले, ते जवळपास सगळे रिकाम्या हाताने. लॅपटॉपमध्ये वर्षभराचे काम असते, हे मान्य. म्हणूनच त्याची प्रत आधी दुसरीकडे जपून ठेवायची असते.

आता मुख्य गोष्ट, बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरीत दोन ध्रुवांच्या मधे अतिशय पातळ पडदा असतो. पडून, दाबून, फुगून किंवा उत्पादनातल्या दोषामुळे तो फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते, उष्णता वाढते, त्या उष्णतेने आतला द्रव विघटित होऊन ज्वालाग्राही वायू सुटतात आणि एक सेल पेटला की तो शेजारच्या सेलला पेटवतो. लॅपटॉपमध्ये असे अनेक सेल ओळीने असतात. कापसाच्या गंजीची आग वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते, हे जिनिंगच्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको; बॅटरीचेही तसेच आहे. म्हणून विमानातले कर्मचारी ज्वाळा विझवून थांबत नाहीत, नंतर बराच वेळ पाणी ओतून ती गार करत राहतात. कारण पुढचा सेल केव्हाही भडकू शकतो. फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन मागेपुढे करू नका असे ते विनवतात, तेही याचसाठी. आसनाखालच्या लोखंडी सांध्यात फोन चिरडला की बॅटरी फुटते. हे सगळे करता येते, कारण आग माणसांच्या डोळ्यांसमोर लागलेली असते. तीच बॅग विमानाच्या पोटात असेल तर तिथे पाणी ओतायला कोणी नसते. तिथली हॅलॉन वायूची यंत्रणा साधी आग दाबते, पण बॅटरीच्या आतल्या उष्णतेला थांबवू शकत नाही. सप्टेंबर 2010 मध्ये दुबईहून निघालेले यूपीएसचे आणि जुलै 2011 मध्ये आशियानाचे, अशी दोन मालवाहू जंबो विमाने आगीत गेली. दोन्हींत लिथियम बॅटऱ्यांचा माल होता, आणि दोन्हींतले वैमानिक मृत्युमुखी पडले. 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानातून अशा सुट्या बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

या पुराव्याकडे दुर्लक्ष झाले तर सुरक्षेच्या नावाखाली धोका कसा वाढतो, हे 2017 साली दिसले. आदल्या वर्षी सोमालियात एका विमानात लॅपटॉपमध्ये लपवलेला बॉम्ब फुटला होता. त्या धास्तीने अमेरिकेने मार्चमध्ये दुबई, अबुधाबी, दोहा यांसह दहा विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांना लॅपटॉप आणि टॅबलेट चेक-इन सामानात टाकायला लावले. आखातातून अमेरिकेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते सोसावे लागले. बॉम्बची भीती खोटी नव्हती. पण जी वस्तू डोळ्यांसमोर ठेवायची तिचाच ढीग विमानाच्या पोटात रचला जाऊ लागला. त्याच वर्षी अमेरिकी विमान प्रशासनाने सुटकेसमध्ये लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवून पाहिली. शेजारी केसांना लावण्याच्या फवाऱ्याचा डबा ठेवला होता. मिनिटभरातच त्याचा स्फोट झाला. मोठी उपकरणे चेक-इन सामानात नकोतच, अशी शिफारस त्याच प्रशासनाने ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, म्हणजे इकाओकडे, केली. लॅपटॉपची बंदी त्याआधी जुलैपर्यंत मागे घेतली गेली होती. एक धोका टाळताना दुसरा ओढवून घेतला जात नाही ना, हे नियम करणाऱ्याने आधी तपासायचे असते.

अलीकडच्या दोन घटना पॉवर बँकेकडे बोट दाखवतात. 28 जानेवारी 2025 रोजी कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या विमानात वरच्या कप्प्यात आग लागली. 176 जण बाहेर पडले, पण विमानाचे छत जळून गेले. संशय पॉवर बँकेवर आहे. उड्डाण वेळेवर झाले असते तर ही आग आकाशात लागली असती. आपल्याकडे 19 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात धावपट्टीकडे जाताना एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी ती लगेच विझवली. त्यानंतर डीजीसीएने पत्रक काढून पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात, तीही वरच्या कप्प्यात नाही, आणि तिच्यावर विमानात काही चार्ज करायचे नाही असे बजावले. अमेरिकेत एकट्या 2024 मध्ये विमान प्रवासात बॅटरीतून धूर, आग किंवा अति उष्णता निघाल्याच्या ऐंशीहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. लहरींच्या 75 शंका सात वर्षांच्या होत्या. या ऐंशी एका वर्षाच्या, एका देशाच्या, आणि धूर डोळ्यांनी पाहिलेल्या.

कोट्यवधी प्रवाशांमध्ये ऐंशी घटना म्हणजे काहीच नाही, असे म्हणता येईल, आणि हिशेबाने ते बरोबर आहे. पण त्या बहुतेक प्रकरणांत नुकसान थोडक्यात निभावले, कारण वस्तू केबिनमध्ये होती आणि जवळ माणसे होती. नियम पाळले गेल्याने संख्या लहान राहिली; त्या लहान संख्येवरून नियम अनावश्यक ठरवता येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग बॅटऱ्या विमानातच नकोत, असे का म्हणू नये? कारण ते अशक्य आहे. रुग्णाचे श्वसनयंत्र बॅटरीवर चालते, तिकीट फोनमध्ये असते, कित्येकांची रोजीरोटी लॅपटॉपवर आहे. म्हणून जगाने मर्यादा घातली ती ऊर्जेवर: 100 वॉट-अवरपर्यंत मोकळीक, 160 पर्यंत कंपनीची परवानगी, त्यापुढे मनाई. ही मर्यादा उद्योगाने किती मनावर घेतली हे पाहायचे तर काही महागड्या लॅपटॉपांची बॅटरी पाहावी, ती 99 च्या घरात येऊन थांबते. पॉवर बँकेवर आकडा मिलीअँपिअर-अवरमध्ये असतो. 20,000 असेल तर त्याला हजाराने भागून 3.7 व्होल्टने गुणावे. 74 येतात, म्हणजे चालते. 27,000 च्या पुढे शंभरी ओलांडली जाते.

अमरावतीहून उडणाऱ्यांच्या बाबतीत मात्र एक बारकावा आहे, आणि तो कोणत्याच फलकावर ठळक दिसत नाही. ही सेवा एटीआर-72 जातीच्या विमानाने सुरू झाली. सत्तरेक आसनांच्या या पंख्याच्या विमानात वरचे कप्पे लहान असतात. चाकांची बॅग त्यात मावत नाही, म्हणून ती शिडीपाशीच काढून घेतात आणि मालकक्षात टाकतात. प्रवाशाने पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवून नियम पाळलेला असतो, सुरक्षा तपासणीत ती पासही झालेली असते; पण शेवटच्या पन्नास पावलांत ती बॅगेसकट नको तिथे जाते. मागे रांग खोळंबलेली असते, पंख्यांचा आवाज असतो, आणि पहिल्यांदाच उडणाऱ्या माणसाला त्या क्षणी बॅग उघडून काही काढायचे आहे हे सुचत नाही. बॅग हातातून घेणाऱ्या कर्मचाऱ्याने, आत पॉवर बँक किंवा सुटी बॅटरी आहे का, असल्यास काढून घ्या, लॅपटॉपही सोबत ठेवा, एवढे मराठीत विचारले तरी बहुतेक धोका तिथेच संपतो. घरून निघतानाच ही सगळी यंत्रे एका छोट्या पिशवीत वेगळी ठेवली तर विचारायचीही गरज पडणार नाही.

वऱ्हाडातला उन्हाळा हा आणखी एक मुद्दा. मे महिन्यात यवतमाळचा पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेला फोन किंवा पॉवर बँक त्याहून कितीतरी जास्त तापते, आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, फुगते. नागपूरच्या वाटेवर जेवायला थांबताना बॅग गाडीत तशीच राहते. त्यात स्वस्तातल्या, नाव-गाव नसलेल्या पॉवर बँका आणि लॅपटॉपला नंतर बसवलेल्या डुप्लिकेट बॅटऱ्या यांची भर. आपल्याकडे पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. बाजारात मात्र छापच नसलेला माल सहज मिळतो. चीनने जून 2025 पासून प्रमाणन चिन्ह नसलेल्या पॉवर बँका देशांतर्गत विमानांत नेण्यास मनाई केली. आपल्याकडेही तसे व्हावे, असे मला वाटते. नामांकित माल निर्धोक असतोच असेही नाही. सप्टेंबर 2016 मध्ये सिंगापूरहून चेन्नईला उतरताना इंडिगोच्या विमानात सॅमसंगच्या जुन्या फोनमधून धूर निघाला होता, आणि 2019 मध्ये ॲपलने एका लॅपटॉपच्या बॅटऱ्या परत मागवल्यावर तो विमानात आणू नका असे डीजीसीएला सांगावे लागले. पण मोठी कंपनी माल परत मागवते तरी. नाव नसलेल्या वस्तूची जबाबदारी घ्यायला कोणीच नसते.

विमान कंपन्यांचे एक म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. कारणे सांगत बसलो तर घोषणा लांबतील, लोक ऐकणार नाहीत, त्यापेक्षा हुकूम बरा. पण फ्लाइट मोडच्या बाबतीत हुकमाचे काय झाले ते समोर आहे. कारण न सांगता भीती घातली. प्रवाशाने चोरून फोन चालू ठेवून पाहिला, काही झाले नाही, आणि त्याने ती सूचनाच मनातून काढून टाकली. उद्या पॉवर बँकेची सूचनाही तो त्याच टोपलीत टाकेल, आणि तिथे मात्र परिणाम होतील. म्हणून दोन्ही सूचना एका दमात, एका सुरात देऊ नयेत. फ्लाइट मोड ही शिस्त आहे असे म्हणावे. बॅटरी हा आगीचा प्रश्न आहे असे स्पष्ट सांगावे. आणि ते प्रवाशाच्या भाषेत सांगावे. बेलोऱ्याच्या आणि नागपूरच्या प्रतीक्षालयांत, सामान देण्याच्या काउंटरवर, शिडीच्या पायथ्याशी मराठीत तीन ओळींचा फलक लावायला फारसा खर्च नाही. शब्दही अवघड नकोत: पॉवर बँक आणि सुटी बॅटरी सामानात देऊ नका, जवळ ठेवा. फुगलेली किंवा तापलेली वस्तू आणू नका. धूर दिसला तर लपवू नका, लगेच कर्मचाऱ्याला हाक मारा. यातली तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आपली वस्तू तापली तर लोक संकोचाने ती बॅगेत कोंबतात आणि आगीला दोन मिनिटे देऊन बसतात. विमानतळ प्राधिकरणाने, राज्याच्या विमानतळ विकास कंपनीने आणि या मार्गांवर उडणाऱ्या कंपन्यांनी हा फलक पुढचा उन्हाळा लागायच्या आत लावावा.